इमानुएल रिंगेलब्लूम

इमानुएल रिंगेलब्लूम (२१ नोव्हेंबर, इ.स. १९०० : बुचाच, ऑस्ट्रिया-हंगेरी - मार्च, इ.स. १९४४ : वॉर्सा, पोलंड) हे पोलंडमधील ज्यू इतिहासकार, शिक्षक आणि समाजकार्यकर्ते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने वॉर्सा (पोलिश उच्चार : वार्शावा) शहरातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. त्या कोंडवाड्यात, म्हणजेच वॉर्सा घेटोमध्ये, रिंगेलब्लूम यांनी 'ओनेग शब्बात' नावाचा गुप्त संग्रह उभारला. रोजनिश्या, पत्रे, शाळकरी मुलांचे निबंध, कविता, चित्रे, भित्तिपत्रके, शिधापत्रिका अशा हजारो कागदांचा हा संग्रह पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत घालून जमिनीत पुरण्यात आला. युद्धानंतर त्याचे दोन भाग सापडले. 'रिंगेलब्लूम संग्रह' या नावाने तो आज ओळखला जातो. ज्यूंच्या संहाराच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे.

जन्म आणि बालपण

रिंगेलब्लूम यांचा जन्म पूर्व गॅलिशियातील बुचाच या छोट्या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हिब्रू लेखक श्मुएल योसेफ आग्नोन हेही याच गावचे. ज्यू, पोलिश आणि युक्रेनियन अशा तिन्ही समाजांची वस्ती तेथे होती. रिंगेलब्लूम लहान असतानाच त्यांची आई वारली. इ.स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर रशियन सैन्य गॅलिशियात शिरले आणि या कुटुंबाला घरदार सोडून पश्चिमेकडील नोवी सोंच या गावी आसरा घ्यावा लागला. निर्वासितपणाचा अनुभव त्यांना असा कोवळ्या वयातच आला. याच काळात ते 'पोआले झिऑन' या श्रमिक ज्यूंच्या पक्षाच्या संपर्कात आले. पुढे या पक्षाच्या डाव्या गटाचे ते अखेरपर्यंत कार्यकर्ते राहिले.

शिक्षण आणि इतिहाससंशोधन

महायुद्ध संपल्यावर रिंगेलब्लूम वॉर्सा येथे आले आणि त्यांनी वॉर्सा विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास सुरू केला. इ.स. १९२७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मध्ययुगीन वॉर्सातील ज्यूंचा इतिहास हा होता. इ.स. १५२७ मध्ये ज्यूंची शहरातून हकालपट्टी झाली, तेथपर्यंतचा कालखंड त्यात आला आहे. हा प्रबंध इ.स. १९३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. इ.स. १७९४ च्या कोशचुश्को यांच्या उठावातील ज्यूंच्या सहभागावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. उपजीविकेसाठी ते वॉर्सातील 'येहुदिया' या मुलींच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असत.

इ.स. १९२३ मध्ये राफाएल माहलर या मित्राच्या साहाय्याने त्यांनी तरुण ज्यू इतिहासकारांचे एक मंडळ स्थापन केले. दोन वर्षांनी विल्ना (सध्याचे लिथुएनियातील विल्नियस) येथे 'यिवो' ही यिद्दिश भाषा व संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली आणि हे मंडळ तिच्याशी जोडले गेले. या संस्थेच्या कार्यपद्धतीचा रिंगेलब्लूम यांच्यावर खोल परिणाम झाला. राजे, रब्बी आणि धनिक यांच्यापुरता इतिहास मर्यादित न ठेवता कारागीर, मोलकरणी, हातगाडीवाले आणि शाळकरी मुले यांचे जगणेही इतिहासात आले पाहिजे, अशी यिवोची भूमिका होती. गावोगावच्या सामान्य माणसांनी म्हणी, गाणी, जुनी पत्रे आणि कागद गोळा करून संस्थेकडे पाठवावेत, यासाठी तिने हौशी संग्राहकांचे मोठे जाळे विणले होते. यिद्दिशमध्ये त्यांना 'झामलर' म्हणत. तरुणांनी आत्मचरित्रे लिहावीत म्हणून संस्था स्पर्धाही भरवत असे. पुढे घेटोमध्ये रिंगेलब्लूम यांनी जे काम उभे केले, त्याचा पाया या वर्षांत घातला गेला.

विवाह आणि समाजकार्य

रिंगेलब्लूम यांचा विवाह येहुदित हेर्मान यांच्याशी झाला. इ.स. १९३० मध्ये त्यांना उरी हा मुलगा झाला. त्याच सुमारास रिंगेलब्लूम 'जॉइंट' या अमेरिकन ज्यू मदतसंस्थेच्या पोलंडमधील कामात सहभागी झाले. गरीब दुकानदार आणि कारागीर यांना बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्थांसाठी निघणाऱ्या नियतकालिकाचे संपादन ते करत.

ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मनीने तेथे राहणाऱ्या सुमारे १७ हजार पोलिश ज्यूंना एकाएकी सीमेपलीकडे हाकलले. त्यांपैकी सहा हजारांहून अधिक माणसे झ्बॉन्शिन या सरहद्दीवरच्या लहानशा गावात अडकून पडली. जॉइंट संस्थेने यित्झाक गिटरमान यांच्याबरोबर रिंगेलब्लूम यांना तेथे पाठवले. तेथे ते पाच आठवडे राहिले. अन्न, निवारा आणि औषधे यांची व्यवस्था लावत असतानाच त्यांनी निर्वासितांच्या हकीकती टिपून घेण्याचे कामही सुरू केले. माणसाला मदत करणे आणि त्याची हकीकत जतन करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच हाताने करण्याची त्यांची पद्धत येथे प्रथम दिसते.

वॉर्साचा वेढा

ऑगस्ट १९३९ मध्ये रिंगेलब्लूम जिनिव्हा येथील एकविसाव्या झिऑनवादी परिषदेला प्रतिनिधी म्हणून गेले होते. युद्ध तोंडावर आले होते आणि परदेशात राहून जाण्याची संधी त्यांना होती. पण ते आडमार्गाने प्रवास करत पोलंडला परतले. १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. एका आठवड्यात जर्मन फौजा वॉर्साच्या वेशीवर येऊन थडकल्या आणि शहराला वेढा पडला. तोफांचा भडिमार आणि विमानांतून होणारा बॉम्बवर्षाव यांमुळे शहराचे मोठे भाग जळाले. पाणी आणि वीज बंद पडली. २८ सप्टेंबर रोजी वॉर्सा शरण गेले.

वेढ्याच्या काळात अनेक ज्यू पुढारी शहर सोडून पूर्वेकडे निघून गेले. रिंगेलब्लूम थांबले. विविध ज्यू मदतसंस्थांनी मिळून जी समन्वय समिती नेमली होती, तिच्यात त्यांनी बेघर झालेल्यांसाठी आणि जखमींसाठी काम केले. या समितीतूनच 'आलेनहिल्फ' ही स्वयंसाहाय्य संघटना उभी राहिली. प्रत्येक इमारतीतील रहिवाशांची एक समिती, तिच्यामार्फत वर्गणी, मुलांचे जेवण, आजाऱ्यांची देखभाल अशी तिची रचना होती. या गृहसमित्यांच्या जाळ्याची जबाबदारी रिंगेलब्लूम यांच्याकडे होती. त्यामुळे शहराच्या कानाकोपऱ्यातली बातमी त्यांच्यापर्यंत येत असे. ऑक्टोबर १९३९ पासून त्यांनी दिवसभरात ऐकलेले आणि पाहिलेले रात्री यिद्दिशमध्ये टिपून ठेवण्यास सुरुवात केली.

वॉर्सा घेटो

युद्धापूर्वी वॉर्सामध्ये साडेतीन लाखांहून अधिक ज्यू राहत होते. शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मन प्रशासनाने घेटो स्थापन करण्याचा हुकूम काढला आणि १६ नोव्हेंबर १९४० रोजी घेटोची दारे बंद करण्यात आली. सुमारे तीन मीटर उंचीच्या भिंतीआड शहराचा अडीच टक्क्यांहूनही कमी भाग होता. त्यात चार लाखांहून अधिक माणसे कोंबण्यात आली. आसपासच्या गावांतून आणलेल्या निर्वासितांमुळे हा आकडा इ.स. १९४१ च्या वसंत ऋतूत साडेचार लाखांच्या वर गेला. वेढा संपून वर्ष उलटले होते. पण शहराच्या या भागापुरता दुसरा आणि अधिक क्रूर वेढा आता सुरू झाला.

ज्यूंना मिळणारा अधिकृत शिधा इ.स. १९४१ मध्ये दिवसाला दरडोई दोनशे कॅलरींपेक्षाही कमी होता. माणसे जगत होती ती चोरट्या मार्गाने येणाऱ्या धान्यावर. भिंतीच्या भोकांतून पलीकडे जाऊन बटाटे आणि पाव आणणाऱ्यांत लहान मुलांचा मोठा वाटा होता. परवानगीवाचून घेटोबाहेर पडणाऱ्यास पुढे देहदंडाची शिक्षा ठरवण्यात आली. भूक आणि प्रलापक सन्निपात ज्वर (टायफस) यांनी इ.स. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत ८० हजारांहून अधिक लोकांचा बळी घेतला.

'ओनेग शब्बात' मंडळ

२२ नोव्हेंबर १९४० रोजी, म्हणजे घेटो बंद झाल्यावर सहाच दिवसांनी, रिंगेलब्लूम यांनी निवडक सहकाऱ्यांची बैठक बोलावली. तोपर्यंत एकट्याने चाललेल्या नोंदींना येथून सामूहिक कार्याचे रूप आले. बैठका शनिवारी होत असल्याने मंडळाने 'ओनेग शब्बात' हे सांकेतिक नाव घेतले. शब्बाथाचा आनंद असा त्याचा अर्थ असून शनिवारच्या धार्मिक स्नेहमेळाव्यांना ज्यू समाजात हेच नाव आहे. त्यामुळे ते कानावर पडले तरी कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते.

लोद्झ येथून निर्वासित म्हणून आलेले हर्श वासेर हे मंडळाचे एक सचिव होते. शिक्षक एलियाहू गुत्कोव्स्की हे दुसरे. रब्बी शिमोन हुबरबान्ड यांनी धार्मिक जीवनाच्या नोंदींची जबाबदारी घेतली. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत बॉम्बहल्ल्यात त्यांची पत्नी आणि मूल मृत्युमुखी पडले होते. अर्थशास्त्रज्ञ मेनाहेम लिंडर आकडेवारी पाहत. घेटोत टपालवाटपाचे काम करणारे पेरेट्झ ओपोचिन्स्की हे पत्रकार होते. इमारतींच्या चौकांत आणि जिन्यांवर पाहिलेल्या दृश्यांची वार्तापत्रे ते लिहीत. लेखिका राहेल आउअरबाख एक अन्नछत्र चालवत असत. आपल्या अन्नछत्रातील पातळ सूपावर माणूस जगू शकत नाही, त्याचा मृत्यू केवळ लांबतो, हे त्यांनी आपल्या लेखनात निर्भीडपणे नोंदवले. त्सेत्सिल्या स्वापाकोवा यांनी घेटोतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या जगण्याच्या धडपडीचा अभ्यास केला. येहुदिया शाळेतील रिंगेलब्लूम यांचे सहकारी अब्राहम लेविन यांनी आपली रोजनिशी संग्रहासाठी दिली. वेगवेगळ्या वेळी मिळून पन्नास ते साठ जणांनी या मंडळात काम केले. त्यांत डावे होते तसेच धर्मनिष्ठही होते. नामवंत लेखक होते तसेच मॅट्रिकही न झालेले तरुण होते.

कार्यपद्धती

मंडळाने विषयांची यादी करून प्रत्येक विषयासाठी सविस्तर प्रश्नावल्या तयार केल्या. निर्वासितांची गावे, रस्त्यांवरचे जीवन, चोरटा व्यापार, मुले, स्त्रिया, शाळा, भाषा, विनोद, अफवा, पोलिश आणि ज्यू समाजांचे संबंध, ज्यू पोलिसांचा भ्रष्टाचार अशा विषयांचा त्यांत समावेश होता. महत्त्वाच्या मजकुराच्या एकाहून अधिक प्रती काढल्या जात. संग्रह कोठे ठेवला आहे, हे अगदी मोजक्या व्यक्तींनाच ठाऊक असे. ही जबाबदारी शिक्षक इस्रायल लिख्टेनश्टाइन यांच्याकडे होती.

रिंगेलब्लूम यांचे काही आग्रह होते. घटना घडल्यावर लगेच लिहावे, कारण घेटोतील परिस्थिती इतकी झपाट्याने बदलत होती की महिन्यापूर्वीचे दुःखही पुढच्या दुःखापुढे फिके पडून विस्मरणात जाई. एकाच प्रसंगाच्या नोंदी वेगवेगळ्या माणसांनी कराव्यात. आपल्या समाजाचे दोष झाकू नयेत. घेटोतील श्रीमंतांची उधळपट्टी, ज्यू परिषदेचा पक्षपात आणि ज्यू पोलिसांची निर्दयता यांविषयी त्यांच्या स्वतःच्या टिपणांत कठोर मजकूर आहे. त्याचप्रमाणे ज्यूंना आसरा देणाऱ्या पोलिश माणसांची आणि क्वचित माणुसकीने वागलेल्या जर्मन शिपायाचीही नोंद त्यांनी आवर्जून ठेवली. शत्रूच्या कागदपत्रांवरून आपल्या समाजाचा इतिहास लिहिला जाऊ नये, तो आपल्याच माणसांच्या शब्दांत आणि संपूर्ण सत्यासह उरावा, हा या आग्रहामागील विचार होता.

संग्रहातील सामग्री

संग्रहात अहवाल आणि निवेदने यांच्याबरोबरच वरवर क्षुल्लक भासणाऱ्या अनेक वस्तू आहेत. ट्रामची तिकिटे, मिठाईची वेष्टने, शिधापत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, जर्मन हुकमांच्या जाहिराती, भूमिगत वृत्तपत्रे आणि मुलांच्या वह्या त्यांत जपल्या गेल्या. दूरच्या गावांहून आलेली, आणि हद्दपारीच्या गाड्यांतून बाहेर फेकलेली पोस्टकार्डेही त्यांत आहेत. त्यांतील कित्येक कार्डे ही त्या व्यक्तीची अखेरची अक्षरे ठरली.

कलेच्या दृष्टीनेही हा संग्रह समृद्ध आहे. भिंतीआडही नाटके, संगीताच्या मैफली, कवितावाचन आणि व्याख्याने चालू होती. त्यांची भित्तिपत्रके आणि निमंत्रणपत्रिका मंडळाने गोळा केल्या. कवींची हस्तलिखिते आणि कथा यांबरोबरच रस्त्यावर भीक मागणारी मुले जी गाणी म्हणत ती गाणी आणि लोकांच्या तोंडी असलेले विनोदही टिपून घेण्यात आले. चित्रकार गेला सेकश्टाइन या लिख्टेनश्टाइन यांच्या पत्नी होत्या. मुलांची व्यक्तिचित्रे हा त्यांचा आवडीचा विषय होता आणि घेटोत त्या मुलांना चित्रकला शिकवत. त्यांची सुमारे तीनशे जलरंगचित्रे व रेखाटने संग्रहात ठेवण्यात आली. युद्धपूर्व वॉर्सातील ज्यू चित्रकारांची बहुतेक कामे नष्ट झाली असल्याने ही चित्रे विशेष मोलाची मानली जातात.

इ.स. १९४२ च्या आरंभी मंडळाने युद्धाच्या अडीच वर्षांचा एक विस्तृत अभ्यासग्रंथ लिहिण्याची योजना आखली होती. युद्धानंतर समाजाची पुनर्बांधणी करताना त्याचा उपयोग होईल, अशी अपेक्षा होती. पुढील घटनांमुळे ती योजना अपुरी राहिली.

संहाराची नोंद

इ.स. १९४२ च्या प्रारंभी खेल्मनो येथील संहारकेंद्रातून निसटलेला एक तरुण वॉर्सामध्ये पोहोचला. बंद गाड्यांत विषारी वायू सोडून माणसे कशी मारली जात आणि त्यांची प्रेते आपल्याला कशी पुरावी लागली, हे त्याने सांगितले. हर्श वासेर यांनी त्याची जबानी लिहून घेतली. 'याकोव ग्रोयानोव्स्की' या टोपणनावाने ती इतिहासात प्रसिद्ध आहे. खेल्मनोविषयीची ही अगदी सुरुवातीची प्रत्यक्षदर्शी साक्ष होय. तेथून संग्रहाचे स्वरूप पालटले. भविष्यातील इतिहासकारांसाठी कागद जमवणाऱ्या मंडळाने आता जगाला सावध करण्याचे काम हाती घेतले. त्याने तयार केलेले अहवाल पोलिश भूमिगत चळवळीमार्फत लंडनला पोहोचवण्यात आले. जून १९४२ मध्ये बीबीसीने पोलंडमधील ज्यूंच्या कत्तलीची बातमी प्रसारित केली, तेव्हा आपल्या मंडळाने एक ऐतिहासिक कर्तव्य पार पाडले, असे समाधान रिंगेलब्लूम यांनी टिपणात व्यक्त केले. मात्र त्या बातमीमुळे संहार थांबला नाही.

२२ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेटोतील मोठी हद्दपारी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ज्यू परिषदेचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकुफ यांनी आत्महत्या केली. २१ सप्टेंबरपर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार माणसांना त्रेब्लिन्का येथील संहार छावणीत नेऊन ठार मारण्यात आले. रब्बी हुबरबान्ड यांचा त्यांत अंत झाला. अब्राहम लेविन यांच्या पत्नीला ऑगस्टमध्ये पकडून नेण्यात आले. तरीही लेविन यांनी रोजनिशी थांबवली नाही. तिच्यातील शेवटची नोंद १६ जानेवारी १९४३ ची आहे. लिंडर यांची त्याआधीच, एप्रिलमध्ये, गोळी घालून हत्या झाली होती. त्रेब्लिन्काहून निसटून आलेल्या अब्राहम क्शेपित्स्की यांची सविस्तर साक्ष राहेल आउअरबाख यांनी याच काळात लिहून काढली.

संग्रह पुरण्याचे काम

हद्दपारी चालू असतानाच, ३ ऑगस्ट १९४२ रोजी, लिख्टेनश्टाइन यांनी संग्रहाचा पहिला भाग नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात पुरला. या इमारतीत पूर्वी शाळा होती. दावीद ग्राबर आणि नाहुम ग्झिवाच या दोन तरुण विद्यार्थ्यांनी त्यांना मदत केली. एक एकोणीस वर्षांचा होता आणि दुसरा अठरा. पत्र्याच्या दहा पेट्यांत कागद भरण्यात आले. पेट्या बंद करण्यापूर्वी तिघांनीही आपापली छोटी मृत्युपत्रे लिहून त्यांत ठेवली. संग्रह कोणाच्या तरी हाती लागावा, जगाने तो वाचावा आणि आपली नावे विसरली जाऊ नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती. लिख्टेनश्टाइन यांनी आपल्या वीस महिन्यांच्या मार्गालित या मुलीचीही आठवण राहावी, असे लिहून ठेवले. गेला सेकश्टाइन यांनी आपली चित्रे युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या ज्यू संग्रहालयाला दिली. या पाचही जणांपैकी कोणीही युद्धातून वाचले नाही.

फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस दुसरा भाग दुधाच्या दोन मोठ्या किटल्यांत भरून त्याच ठिकाणी पुरण्यात आला. तिसरा भाग एप्रिल १९४३ मध्ये, उठावाच्या तोंडावर, श्व्येन्तोयेर्स्का रस्त्यावर पुरल्याचे मानले जाते.

अखेरचे वर्ष आणि मृत्यू

इ.स. १९४३ च्या आरंभी रिंगेलब्लूम पत्नी आणि मुलासह घेटोबाहेर पडले आणि शहराच्या दुसऱ्या भागात लपून राहिले. परंतु एप्रिलमध्ये, वल्हांडण सणाच्या (पेसाह) सुमारास, ते पुन्हा घेटोमध्ये गेले. १९ एप्रिल रोजी वॉर्सा घेटोचा उठाव सुरू झाला आणि ते आत अडकले. तेथे पकडून त्यांना लुब्लिनजवळील त्राव्निकी येथील श्रमछावणीत पाठवण्यात आले. तेओदोर पायेव्स्की हे पोलिश रेल्वे कर्मचारी आणि शोशाना कोसोवर ही ज्यू भूमिगत कार्यकर्ती यांनी इ.स. १९४३ च्या उन्हाळ्यात रेल्वे कामगाराच्या वेशात त्यांना छावणीतून बाहेर काढले आणि वॉर्साला परत आणले.

वॉर्सामध्ये ग्रुयेत्स्का रस्त्यावर म्येचिस्वाव वोल्स्की यांच्या भाजीच्या मळ्यात, काचगृहाखाली, एक भुयार खणलेले होते. त्यात सुमारे चाळीस ज्यू लपले होते. रिंगेलब्लूम कुटुंब तेथे एकत्र आले. त्या कोंदट जागेत, दिव्याच्या उजेडात, स्वतःचा संग्रह हाताशी नसताना रिंगेलब्लूम यांनी आपले शेवटचे लेखन केले. दुसऱ्या महायुद्धातील पोलिश आणि ज्यू समाजांच्या संबंधांवरचा ग्रंथ त्यांनी येथे पोलिश भाषेत लिहिला. घेटोत मारले गेलेले लेखक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांची व्यक्तिचित्रेही लिहिली. ही हस्तलिखिते भुयाराबाहेर पोहोचवण्यात आली होती, म्हणून ती वाचली.

७ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी हे भुयार शोधून काढले. आत असलेल्या सर्वांना, तसेच वोल्स्की आणि त्यांचे भाचे यानुश विसोत्स्की यांना अटक झाली आणि पाव्याक तुरुंगात नेण्यात आले. एका बचावलेल्या कैद्याच्या साक्षीनुसार तेथील ज्यू कामगारांनी रिंगेलब्लूम यांना आपल्यात सामावून घेण्याची तयारी दाखवली होती. परंतु पत्नी आणि मुलगा यांना मागे ठेवून वाचणे त्यांनी नाकारले. काही दिवसांतच घेटोच्या अवशेषांमध्ये तिघांनाही गोळ्या घालून मारण्यात आले. उरी तेव्हा १३ वर्षांचा होता. वोल्स्की आणि विसोत्स्की यांनाही ठार करण्यात आले.

संग्रहाचा शोध

युद्धाच्या अखेरीस घेटोचा परिसर म्हणजे विटांचा सपाट ढिगारा झाला होता. रस्ते ओळखू येत नव्हते. ओनेग शब्बात मंडळातील केवळ तिघे जण जिवंत राहिले : राहेल आउअरबाख, हर्श वासेर आणि त्यांच्या पत्नी ब्लुमा वासेर. या ढिगाऱ्याखाली एक खजिना दडला असून तो शोधलाच पाहिजे, असा आग्रह आउअरबाख यांनी सातत्याने धरला. जागेची माहिती असलेले हर्श वासेर हेच एकमेव जिवंत व्यक्ती होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि १८ सप्टेंबर १९४६ रोजी दहा पेट्या सापडल्या. पेट्या पक्क्या बंद नसल्याने आत पाणी शिरले होते. कागद एकमेकांना चिकटले होते, शाई पसरली होती आणि बुरशी आली होती. एकेक पान सोडवून वाळवण्याचे काम दीर्घकाळ चालले.

१ डिसेंबर १९५० रोजी त्याच ठिकाणी घरबांधणीचे काम करणाऱ्या पोलिश मजुरांना दुधाच्या दोन किटल्या सापडल्या. त्यांतील कागद तुलनेने चांगल्या स्थितीत होते. क्शेपित्स्की यांची त्रेब्लिन्काविषयीची साक्ष त्यांतूनच हाती आली. श्व्येन्तोयेर्स्का रस्त्यावरील तिसरा भाग मात्र मिळाला नाही. ती जागा आता चिनी दूतावासाच्या आवारात येते. इ.स. २००३ मध्ये तेथे शोध घेण्यात आला, पण त्याला यश आले नाही.

सापडलेल्या दोन भागांत मिळून सुमारे सहा हजार दस्तऐवज असून त्यांची पृष्ठसंख्या सुमारे ३५ हजार आहे. हा संग्रह वॉर्सा येथील ज्यू इतिहास संस्थेत जतन केलेला आहे. युद्धापूर्वी या संस्थेच्या इमारतीत ज्यू समाजाचे मुख्य ग्रंथालय होते आणि घेटोच्या काळात आलेनहिल्फचे कार्यालय येथेच होते. शेजारचे भव्य सिनेगॉग जर्मनांनी १६ मे १९४३ रोजी सुरुंग लावून उडवले; ग्रंथालयाची इमारत आगीत होरपळूनही उभी राहिली.

महत्त्व आणि स्मृती

संहारात मारल्या गेलेल्या माणसांविषयीची माहिती बहुतेक ठिकाणी मारेकऱ्यांच्याच दप्तरांतून मिळते. त्या दप्तरांत माणसे आकड्यांच्या रूपात येतात. रिंगेलब्लूम संग्रहात तीच माणसे स्वतः बोलतात. भांडतात, विनोद करतात, भुकेचे वर्णन करतात, मुलांना शिकवतात, चित्रे काढतात. लिहिताना त्यांना शेवट ठाऊक नव्हता. त्यामुळे नंतर लिहिलेल्या आठवणींत जे आढळत नाही, ते दैनंदिन जीवनाचे तपशील येथे टिकून राहिले आहेत. इतिहासकाराने एकट्याने बसून लिहिण्याऐवजी संकटात सापडलेल्या संपूर्ण समाजाला स्वतःचा इतिहासकार बनवणे, हे रिंगेलब्लूम यांचे मुख्य योगदान मानले जाते.

त्यांची टिपणे काही मजकूर गाळून इ.स. १९५२ मध्ये यिद्दिशमध्ये प्रसिद्ध झाली आणि इ.स. १९५८ मध्ये तिचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद निघाला. पुढे ज्यू इतिहास संस्थेने संपूर्ण संग्रह अनेक खंडांत पोलिशमध्ये संपादित केला. अमेरिकन कादंबरीकार जॉन हर्सी यांच्या 'द वॉल' (इ.स. १९५०) या कादंबरीला या संग्रहाच्या कथेतून प्रेरणा मिळाली. इतिहासकार सॅम्युएल कॅसो यांनी रिंगेलब्लूम आणि त्यांच्या मंडळावर लिहिलेला 'हू विल राइट अवर हिस्टरी?' हा ग्रंथ इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आधारित माहितीपट इ.स. २०१८ मध्ये तयार झाला.

इ.स. १९९९ मध्ये युनेस्कोने या संग्रहाचा समावेश 'जागतिक स्मृती' नोंदवहीत केला. इ.स. २००९ मध्ये ज्यू इतिहास संस्थेला रिंगेलब्लूम यांचे नाव देण्यात आले. इ.स. २०१७ पासून तेथे संग्रहाचे कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. जमिनीतून निघालेल्या किटल्यांपैकी एक तेथे ठेवलेली असून दुसरी वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयात पाहावयास मिळते. गेला सेकश्टाइन यांची चित्रे त्यांच्या इच्छेप्रमाणे आज वॉर्सातील याच ज्यू संस्थेच्या संग्रहात आहेत.